यार्ड की काउंटर? बांधकाम साहित्याच्या दुकानातील दोन नोकऱ्यांची तुलना

बांधकाम साहित्याच्या मोठ्या दुकानात नवीन माणसाला बहुधा दोनच ठिकाणी जागा मिळते. एक काउंटरवर, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलून बिल करण्याच्या कामावर. आणि दुसरी मागच्या यार्डात, जिथे सिमेंट, सळई, वाळू, खडी, विटा, प्लायवुड आणि पाइप ठेवलेले असतात तिथे आवक-जावक सांभाळणारा कारकून म्हणून. दोन्ही जागांची जाहिरात अनेकदा एकत्रच येते, सुरुवातीच्या पगारात फारसे अंतर नसते आणि अनुभवाची अटही सारखीच असते. त्यामुळे बहुतेक उमेदवार सावलीत बसून काम करायचे की उन्हात उभे राहून, एवढ्यावरच निर्णय घेऊन मोकळे होतात. मी यार्डात सहा वर्षे आणि त्यानंतर काउंटरवर चार वर्षे काम केले आहे, आणि माझ्या मते ऊन-सावलीचा प्रश्न बराच खालच्या क्रमांकाचा आहे. या दोन जागांमधला खरा फरक माणसाच्या हातून झालेली चूक पुढे कशी वागते यात आहे: यार्डातली चूक बहुधा त्याच दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडी पडते, तर काउंटरवरची चूक कित्येक दिवस कागदात दडून राहते आणि मग दुसऱ्याच्या साइटवर डोके वर काढते. यांपैकी कोणता प्रकार आपल्याला सोसवेल, हे आधी ठरवावे.

यार्डातला कारकून नेमके काय करतो

या पदाच्या नावावरून कोणी त्याला हमाल समजतो, तर कोणी राखणदार. प्रत्यक्षात त्याच्याकडे तीन जबाबदाऱ्या असतात. आलेला माल मोजून घेणे, ठेवलेला माल बिघडू न देणे आणि जाणारा माल चलनाशी, म्हणजे मालासोबतच्या यादीच्या कागदाशी, ताडून फाटकाबाहेर सोडणे. ओझी उचलण्याचे काम हमाल आणि फोर्कलिफ्ट यांचे असते, असे नियुक्तिपत्रात लिहिलेले असते. पण दुकान जितके लहान, तितकी ही सीमारेषा पुसट होत जाते आणि गर्दीच्या वेळी कारकुनाच्या हातातली वही बाजूला पडून त्याच्या खांद्यावर गोणी येते. हे कितपत चालते, याची चौकशी रुजू होण्यापूर्वीच करावी.

सकाळी सळईचा ट्रक आला, असे समजू. तो आधी वजनकाट्यावर उभा राहतो, भरलेल्या गाडीचे वजन नोंदवले जाते, माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचे वजन होते आणि दोहोंतला फरक म्हणजे मालाचे वजन. मात्र ज्याला काम येते तो कारकून काट्याच्या चिठ्ठीवर थांबत नाही. तो भाऱ्यांना बांधलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांवरचा व्यास आणि हीट नंबर, म्हणजे पोलाद भट्टीतल्या कोणत्या फेरीचे आहे तो क्रमांक, वाचतो, पुरवठादाराच्या चाचणी प्रमाणपत्रावरचा नंबर त्याच्याशी जुळतो का ते पाहतो, नग मोजतो आणि स्वतः हिशेब करतो. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि त्याला १६२ ने भागायचे, की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८८९ किलो भरते. बारा मीटर लांबीची एक सळई सुमारे १०.६७ किलो, आणि असे ४० नग म्हणजे सुमारे ४२७ किलो. काट्यावरचे वजन या आकड्यापेक्षा बरेच कमी आले, तर सळई कारखान्यातूनच हलकी निघाली आहे किंवा नग कमी आहेत. जास्त आले, तर काटा दोन्ही वेळा शून्यावर होता का, ट्रकच्या मडगार्डावरचा चिखल मधल्या वेळात गळून पडला का आणि चालक फक्त भरलेल्या गाडीच्या वजनावेळीच आत बसलेला होता का, हे पाहावे लागते. हा फरक चलनावर सही करण्यापूर्वी लिहायचा असतो. सहीनंतरही तक्रार करता येते, पण ती कोणी मनावर घेत नाही.

दिवसातून अशा पाच-सात गाड्या येतात आणि त्यांच्या कितीतरी पट गाड्या भरून जातात. भरताना क्रमाला महत्त्व असते: जो माल शेवटच्या ठिकाणी उतरायचा तो आधी चढवायचा, जड माल तळाशी आणि आसांवर भार विभागला जाईल असा ठेवायचा, सिमेंटवर ताडपत्री घालायची आणि लांब पाइप किंवा सळई गाडीच्या मागे किती बाहेर राहते ते मोजून तिला लाल कापड बांधायचे. हे सर्व करताना चालक इंजिन सुरू ठेवून घाई करत असतो आणि वरच्या मजल्यावरून व्यवस्थापक फोन करत असतो.

काउंटरवरचे काम आणि त्याचा ताण

काउंटरवर माल दिसत नाही, माणूस दिसतो. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा आपल्याला काय हवे आहे हे ठाऊक असते, पण किती हवे आहे हे ठाऊक नसते. बारा बाय दहा फुटांच्या खोलीत दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स बसवायच्या आहेत, एवढेच तो सांगतो. काउंटरवरच्या माणसाने १२० चौरस फुटांना चार चौरस फुटांनी भागून ३० नग काढायचे, कापकाम आणि मोडतोड यांसाठी दहा टक्के धरून ३३ करायचे, पेटीत चार नग असतील तर नऊ पेट्या द्याव्या लागतील हे सांगायचे आणि उरलेले तीन नग घरात जपून ठेवण्यासारखे का आहेत तेही समजावायचे. त्याबरोबर चिकटवण्याचा मसाला किती, सांध्यांची भुकटी किती आणि भिंतीलगतची पट्टी किती, हे विचारून घ्यायचे. जो हे विचारत नाही त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येते, आणि फक्त सांध्यांच्या भुकटीसाठी मारलेल्या त्या फेरीचा राग दुकानावर निघतो.

याच्या जोडीला उधारी असते. बांधकाम कंत्राटदार रोख क्वचितच देतो. त्याचे खाते असते, मर्यादा असते आणि महिनाअखेर त्या मर्यादेपलीकडे माल नेण्याचा त्याचा आग्रहही असतो. नकार द्यावा तर जुने गिऱ्हाईक दुखावते, माल द्यावा तर वसुलीच्या वेळी काउंटरवरच्या माणसाचेच नाव निघते. शिवाय दर बदलत असतात. गेल्या आठवड्यात दिलेल्या कोटेशनचा कागद समोर ठेवून "याच दराने द्या" असे म्हणणारा माणूस रोजचा. त्या कोटेशनवर मुदत लिहायची राहिली असेल, तर पुढची वीस मिनिटे कशी जातील ते सांगायला नको.

परतीचा माल हा आणखी एक वादाचा विषय. पाच गोण्या उरल्या म्हणून परत आणल्या जातात, त्यांतल्या दोन दमट असतात, आणि त्या घ्यायच्या की नाही हे काउंटरला ठरवायचे असते. पाहतो मात्र यार्ड. याच सांध्यावर दोन्ही जागांची भांडणे होतात.

चूक कुठे उघडी पडते

एक प्रसंग सांगतो, कारण फरक त्यातून नीट कळेल. मी यार्डात असताना काउंटरवरून नऊ पेट्या टाइल्सचे चलन आले. चलनावर नमुना आणि माप होते, लॉट नंबर, म्हणजे एकाच फेरीत बनलेल्या मालाचा क्रमांक, नव्हता. थप्पीत सात पेट्या एका लॉटच्या होत्या, म्हणून दोन मी शेजारच्या थप्पीतून घेतल्या. नमुना तोच, माप तेच. पेटीवरचा शेडचा आकडा मात्र एका अक्षराने वेगळा होता आणि तो मी पाहिला नाही. भट्टीतल्या दोन वेगवेगळ्या फेऱ्यांमधल्या टाइल्सच्या रंगात किंचित फरक राहतोच. पेटीत तो दिसत नाही, जमिनीवर खिडकीतून उजेड पडला की स्वच्छ दिसतो. टाइल्स बसवून झाल्यावर मालकाला अर्ध्या खोलीच्या कडेने एक पट्टा फिकट दिसला. उखडण्याचा खर्च कोणी द्यायचा यावर तीन आठवडे पत्रव्यवहार झाला. काउंटरवरच्या सहकाऱ्याने लॉट नंबर लिहिला नव्हता हे खरे, पण पेटीवर छापलेला आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि फाटकाच्या नोंदवहीत सही माझी होती. माझ्या पगारातून दोन हप्त्यांत रक्कम कापली गेली. त्याच्या पगारातून काहीच कापले गेले नाही.

मला तेव्हा हा अन्याय वाटला, आणि थोडा अजूनही वाटतो. पण काउंटरवर बसू लागल्यावर त्याची दुसरी बाजू दिसली. काउंटरवर माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक चार महिन्यांनी सापडली. एका खात्यावर सवलतीचा टक्का मी एकाऐवजी दुसऱ्या रकान्यात भरला होता आणि त्या खात्याची सगळी बिले तेवढ्याने कमी निघत गेली होती. या चार महिन्यांत मी रोज रात्री नीट झोपत होतो. हिशेबनीसाने कागद समोर ठेवला, त्यानंतरचे दोन महिने मात्र प्रत्येक बिल तीनदा तपासूनही झोप येत नव्हती. यार्डातली चूक अशी मागाहून गाठत नाही. चुकीच्या व्यासाची सळई गाडीत चढली असेल तर ती फाटकावर, फार तर साइटवर त्याच संध्याकाळी कळते, दोन शिव्या खाव्या लागतात, गाडी परत येते आणि विषय मिटतो. टाइल्सचा प्रकार हा अपवाद. रंगाच्या डब्यांचे बॅच नंबर आणि प्लायवुडचे दर्जे यांतही असे अपवाद आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

शरीराला काय पडते

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या, ओझे उचलण्याच्या समीकरणात सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे ओझे अंगाजवळ, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, पीळ न घेता आणि क्वचितच उचलायचे असताना, २३ किलो ही मर्यादा धरलेली आहे. हात जसजसे लांब जातील, उचलण्याची जागा जमिनीजवळ येईल किंवा वारंवारता वाढेल, तसतशी ही मर्यादा खाली येते. सिमेंटची गोणी अनेक देशांत २५ किलोची आणि अनेक देशांत अजूनही ५० किलोची असते. पन्नास किलोची गोणी एकट्याने थप्पीच्या तळापासून उचलणे म्हणजे आदर्श मर्यादेच्या दुपटीहून अधिक ओझे सर्वांत वाईट स्थितीत उचलणे होय. तरुणपणी हे जाणवत नाही. मला ते छत्तिसाव्या वर्षी जाणवले, तेही गोणी उचलताना नव्हे, तर खाली पडलेले पेन उचलताना.

धुळीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. वाळू, दगडाची चुरी, कापलेल्या विटा आणि काँक्रीटचे ठोकळे यांच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते, आणि श्वासावाटे फुप्फुसात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. यार्डात ही धूळ झाडूने निर्माण होते, हे फार थोड्यांना माहीत असते. कोरड्या जमिनीवर खराट्याने झाडण्याऐवजी आधी पाणी शिंपडणे किंवा धूळ ओढणारे यंत्र वापरणे, आणि तोंडाला रुमाल न बांधता बारीक कण अडवणारा, नीट बसणारा मास्क लावणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्वचा जाळते. त्याशिवाय त्यातल्या क्रोमियमच्या एका रूपामुळे हातांना कायमची ॲलर्जी होऊ शकते. युरोपीय संघात २००५ पासून सिमेंटमधील या विद्राव्य क्रोमियमवर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा आहे. ती पाळण्यासाठी सिमेंटमध्ये जे द्रव्य मिसळतात त्याचा गुण काळाबरोबर उतरतो. म्हणून तिथे गोणीवरची तारीख ताकदीइतकीच कातडीसाठीही वाचायची असते.

काउंटरवर यातले काही नाही, पण तिथे आराम असतो ही समजूत चुकीची आहे. दिवसभर उभे राहून पोटऱ्या ताठतात, पडद्याकडे आणि गिऱ्हाइकाकडे आळीपाळीने पाहून मान आखडते, आणि संध्याकाळी घरी कोणी साधा प्रश्न विचारला तरी उत्तर द्यावेसे वाटत नाही. यार्डातला थकवा जेवून झोपले की उतरतो. काउंटरचा थकवा तसा उतरत नाही, असा माझा अनुभव आहे. बोलक्या स्वभावाच्या माणसांचा अनुभव कदाचित उलट असेल.

अपघाताचा विचार

या एका मुद्द्यावर दोन जागांची तुलनाच होऊ शकत नाही. काउंटरवर बोट स्टेपलरमध्ये सापडते. यार्डात माणूस फोर्कलिफ्टखाली सापडू शकतो. म्हणून यार्ड निवडणाऱ्याने फोर्कलिफ्ट स्वतः चालवायची नसली तरी तिचे गणित समजून घ्यावे. पुढच्या दोन चाकांना आणि मागच्या आसाच्या मध्यबिंदूला जोडणाऱ्या त्रिकोणात यंत्र आणि भार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य राहिला तोवरच ती उभी राहते. यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेली क्षमता विशिष्ट अंतरासाठी असते. लहान-मध्यम यंत्रांवर हे अंतर सहसा फाळाच्या, म्हणजे भार पेलणाऱ्या पुढच्या दांड्यांच्या, उभ्या पाठीपासून ५०० किंवा ६०० मिलिमीटरवर धरलेले असते. भार त्याहून पुढे असला तर क्षमता झपाट्याने घटते. प्लायवुडची गड्डी २४४० बाय १२२० मिलिमीटरची असते. ती आडवी उचलली तर भाराचा मध्य ६१० मिलिमीटरवर येतो, आणि जागा अरुंद आहे म्हणून कोणी तीच गड्डी लांबी फाळांच्या दिशेने ठेवून घेतली तर तो १२२० मिलिमीटरवर जातो. वजन तेच, गड्डी तीच, आणि मागची चाके जमिनीवरून उचलली जातात. हे मी पाहिले आहे. चालक शहाणा होता, त्याने उडी मारली नाही, आसन घट्ट धरून बसून राहिला आणि फाळ हळूच खाली सोडले.

दुसरा धोका सळईच्या भाऱ्यांची पट्टी कापताना असतो. ती ताणलेली असते आणि कापताक्षणी चाबकासारखी फिरते; म्हणून समोर उभे न राहता बाजूला उभे राहून, डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून ती कापायची असते. तिसरा धोका मागे येणाऱ्या ट्रकचा. चालकाला आरशात जो माणूस दिसत नाही, तो त्याच्या लेखी तिथे नसतोच.

गाडीत किती भरायचे, याचाही निर्णय शेवटी यार्डातच होतो. एखादा गिऱ्हाईक एक टन क्षमतेची छोटी गाडी घेऊन येतो आणि एक घनमीटर वाळू मागतो. एक घनमीटर वाळू ओलाव्यानुसार दीड ते पावणेदोन टन भरते. काउंटरने बिल केलेले असते, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असतात आणि "जवळच जायचे आहे" हे वाक्य तो दोनदा बोललेला असतो. अशा वेळी दोन खेपा करा असे ठामपणे सांगण्याचा अधिकार कारकुनाला आहे की नाही, हे दुकानागणिक वेगळे असते. ज्या दुकानात हा अधिकार नाही, तिथे यार्डात काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साठ्याचा हिशेब कोणाच्या गळ्यात

संगणकावरचा साठा आणि थप्पीतला साठा यांत फरक पडतोच. या फरकाची कारणे चोरीपेक्षा पुष्कळ साधी असतात आणि ती ज्याला ठाऊक आहेत त्याच्यावर आळ येत नाही.

वाळूचेच घ्या. बारीक वाळूत पाच-सहा टक्के ओलावा असला की कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे ती फुगते आणि तिचे आकारमान वीस ते तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पूर्ण भिजली की पुन्हा बसते. म्हणजे आकारमानाने विकत घेतलेली दमट वाळू सुकल्यावर ढिगात कमी भरते, आणि वजनाने घेतलेल्या ओल्या वाळूत पाण्याचेही पैसे मोजलेले असतात. घेताना एक पद्धत आणि विकताना दुसरी, असे दुकानात चालत असेल तर महिनाअखेरची तूट कारकुनाच्या नावावर पडणारच. मी त्यासाठी ढीग आला त्या दिवशीची स्थिती, कोरडी, दमट की ओली, एवढा एक शब्द नोंदवहीत लिहू लागलो. त्या एका शब्दाने मला दोनदा वाचवले.

सिमेंटचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, कारण तिथे नग बरोबर असतात पण माल उतरलेला असतो. नेहमीच्या साठवणीत तीन महिन्यांनी सिमेंटची ताकद सुमारे वीस टक्क्यांनी घटते, असा अंदाज बांधकामाच्या हस्तपुस्तिकांत सर्रास दिलेला असतो, आणि दमट हवेत ही घट अधिक होते. म्हणून गोण्या जमिनीपासून वर फळ्यांवर किंवा पॅलेटवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, दहापेक्षा अधिक थर न चढवता रचायच्या आणि आधी आलेली आधी काढायची. शेवटचा नियम सर्वांना पाठ असतो आणि तोच सर्वाधिक मोडला जातो, कारण नवी थप्पी दारापाशी रचली जाते आणि हमाल दारापाशी असलेलीच गोणी उचलतो. दोन्ही बाजूंनी वाट ठेवून थप्पी रचली तरच तो पाळला जातो. बाकी पीव्हीसीचे पाइप उन्हात पांढरे पडतात, जिप्समच्या पाट्या उभ्या ठेवल्या की वाकतात. हे शिकायला महिनाभर पुरतो.

काउंटरवर साठ्याची तूट गळ्यात पडत नाही, रोकड आणि उधारी पडते. ती तूट मोजायला सोपी असते, हा फायदा समजावा की तोटा, हे ज्याच्या त्याच्या हिशेबावर आहे.

पैसा आणि पुढची वाट

पगाराच्या आकड्यांत मी जाणार नाही, पण रचनेतला फरक सांगता येईल. यार्डात मूळ पगारावर जादा तासांचे पैसे मिळतात, आणि हंगामात ते चांगले असतात. काउंटरवर काही ठिकाणी विक्रीवर टक्केवारी मिळते, आणि ती हंगाम नसताना नाहीशी होते. यार्डातून पुढे मुख्य कारकून, मग वाहतूक आणि पाठवणीचा प्रमुख, आणि पुष्कळदा खरेदी विभाग, अशी वाट जाते. खरेदीत यार्डातून आलेल्या माणसाला मान असतो, कारण पुरवठादाराच्या मालात काय खोट निघते ते त्याने हातात घेऊन पाहिलेले असते. काउंटरवरून कंत्राटदारांच्या विक्रीकडे, दुकानाच्या व्यवस्थापनाकडे किंवा स्वतःच्या धंद्याकडे वाट जाते. बाहेर नोकरी शोधताना फोर्कलिफ्टचा परवाना आणि साठ्याची शिस्त कोणत्याही गोदामात चालते. काउंटरची खरी कमाई, म्हणजे गिऱ्हाइकांची ओळख, बहुतांशी त्याच गावात आणि त्याच व्यापारात उपयोगी पडते.

माझा कौल असा आहे की पाठ आणि गुडघे धड असतील, तर पहिली दीड-दोन वर्षे यार्डात काढावीत आणि मग काउंटर मागून घ्यावे. उलट क्रमाने जाणारे मी फार थोडे पाहिले, आणि जे गेले ते टिकले नाहीत. सावलीची सवय झालेला माणूस पुन्हा वजनकाट्यापाशी उभा राहत नाही. यार्डातून आलेला माणूस काउंटरवर बसला की चलनावर लॉट नंबर आपोआप लिहितो, लांब पाइपसाठी कोणती गाडी लागेल ते गिऱ्हाइकाला आधीच विचारतो आणि यार्डातून फोन आला तर चिडत नाही. ज्याची पाठ आधीच दुखावलेली आहे, ज्याला दम्याचा त्रास आहे किंवा ज्याला आकड्यांपेक्षा माणसांत रस आहे, त्याने मात्र थेट काउंटर घ्यावे आणि मन खाऊ देऊ नये. यार्ड ही पुरुषांचीच जागा आहे हा समजही तपासून घ्यावा. जिथे तो खरा ठरतो तिथे बहुधा यंत्रे अपुरी असतात आणि ओझी माणसांकडून उचलवून घेतली जातात. अशी जागा पुरुषांसाठीही वाईटच.

मुलाखतीत तीन गोष्टी विचाराव्यात: साठ्यातील तूट पगारातून कापली जाते का आणि ती कोण मोजते, जादा भरलेली गाडी थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि मास्क, बूट, मोजे दुकान देते की स्वतः आणायचे. उत्तरे गोड मिळतील, म्हणून मुलाखतीच्या वेळेआधी अर्धा तास पोचून फाटकाजवळ उभे राहावे. फोर्कलिफ्ट चालत असताना माणसे तिच्या वाटेतून जातात का, मागे येणाऱ्या ट्रकला कोणी खूण करते का, आणि चलनाशी माल ताडणारा माणूस खरोखर पेट्या मोजतो की नुसती सही करतो, हे तेवढ्या वेळात दिसते. आत जाता आले तर सिमेंटच्या थप्पीच्या मागच्या बाजूला जावे आणि भिंतीलगतच्या, सर्वांत खालच्या गोणीवरची तारीख वाचावी.